लांब दांड्याची मोटर

६ सप्टेंबर, शनिवार

मोटर विकायच्या आधी डर्विननं माझी उलटतपासणी घेतली. कुठं जाणार? बोट केवढी? बरोबर कोण? मी म्हटलं, बाबांच्या कॅम्पवर, दलदलीतल्या शिकारीच्या घरावर जाणार, चौदा फुटी बोट, बरोबर कोणी नाही. तर फडक्यानं हात पुसत बसला. हाताला पुसण्यासारखं काही नव्हतंच.

मग म्हणाला, तिकडं आता कोणी जात नाही, लेओन्स.

कोणी जात नाही म्हणूनच मला जायचंय — पण हे त्याला कशाला सांगू? इथं दुकानात एक शब्द बोललं की संध्याकाळपर्यंत खाडीभर होतं. एल्फेजच्या कानावर जायला तर तेवढाही वेळ लागत नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ ना!

चिखलमोटरच हवी. सरळ वाट सरकारनं दगड टाकून बंद केली, खारं पाणी आत शिरू नये म्हणून. उरली पश्चिमेची वाट. ती म्हणजे टाचभर पाणी आणि खाली नुसता चिखल. साधी मोटर तिथं गाळ पिऊन बंद पडते. ही वाऱ्यानं थंड राहते, पंखा चिखल कापत जातो.

दोन जाती आहेत. एक लांब दांड्याची — साधी, हलकी, मागं काठीसारखी लांब जाते. दुसरी आखूड, पट्ट्यावर चालणारी. वेगवान आहे, उलटीही जाते, पण वजनाला रेडा. माझ्या बोटीवर ठेवली तर बोट बूड टेकून बसेल. डर्विन तीच गळ्यात मारत होता. अर्थात.

७ सप्टेंबर, रविवार

आईला भेटून आलो. शहरातल्या त्या वृद्धाश्रमात साबणाचा वास आणि टीव्ही, दोन्ही कधी बंद होत नाहीत. आई मात्र ठणठणीत. या वयातही शेजारणीला पत्त्यांत हरवते आणि वर तिनंच फसवलं म्हणून भांडते.

निघताना सांगायला लागली — एल्फेज दर रविवारी सकाळी येतो, कॅम्पचं सगळं सांगतो. नवा पत्रा घातलाय म्हणे. ओसरीवर खुर्च्या मांडल्यात. बाबांनी लावलेल्या अंजिराला यंदा फळ धरलं. लहान बदकं उतरायला लागलीत.

मी ऐकत राहिलो. 

जूनमध्ये टेक्ससमधली गोदीची नोकरी संपवून, मोडकी पाठ घेऊन, इथं लुइझियानात परत आलो. पहिल्याच आठवड्यात याच माणसानं मला फोनवर सांगितलं होतं, "तिथं काही उरलं नाही, लेओन्स. वादळानं सगळं नेलं. जाऊ नकोस." मी विचारलं, काही नाही म्हणजे काय काय नाही? तर म्हणे, काहीच नाही. मी खोटारडा म्हणालो. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता? आईला एक सांगायचं, मला दुसरं. दोन्ही तर खरं असणार नाही. आणि म्हाताऱ्या आईशी कोण खोटं बोलेल?

९ सप्टेंबर

अर्लीननं तिच्या फोनवर नकाशा काढून दिला. कॅम्पची जागा हिरवीगार! तळं, तळ्याचं वळण, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, हे बघ. ती म्हणाली, हे नकाशे कधीचे असतात कोण जाणे.

बायकोनं एकदा नवऱ्याची बाजू घेतली तर आभाळ कोसळतं की काय.

१३ सप्टेंबर

विचार करकरून एकच अर्थ लागतो. शहरातले पैसेवाले शिकारी. एल्फेजनं कॅम्प त्यांना हंगामावर दिला असणार. नवा पत्रा कुणासाठी? खुर्च्या कुणासाठी? खेकड्यांचे पिंजरे टाकून पोट भरणारा माणूस स्वतःसाठी ओसरीवर खुर्च्या मांडत नाही.

बाबांनी ती जागा दोघांच्या नावावर केली होती. मी सत्तावीस वर्षं बाहेर राहिलो, जहाजांचे पत्रे जोडले, म्हणून माझा हक्क गेला?

२० सप्टेंबर, शनिवार

लांब दांड्याची घेतली. डर्विन म्हणाला, हँडल जोरात मारतं, पाठीला झेपेल का? माझी पाठ आता याच्या दुकानातही चर्चेला!

अर्लीन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सकाळी बुटाची नाडी मला बांधावी लागते. आणि याला चिखलातून जायचंय."

 बोललो असतो तर नाडी उद्या कोणी बांधली असती?

२७ सप्टेंबर

पहिली फेरी. बेक्कार.

मागच्या फळीवर मोटर कसली, घरामागच्या कालव्यात सोडली, दोरी ओढली. आवाज असा की शेजारची कुत्री खाटेखाली. बोट पुढं जायच्या ऐवजी नाक वर करून उभी राहिली, घोडं बिथरल्यासारखी. मागून पाणी आत. हँडल सतत वर उसळतंय, आणि बोट उजवीकडे ओढतेय. सरळ जायचं म्हणून मी सगळा भार डाव्या हातावर घेतला, तर पाठीतून कळ निघाली ती पार पायापर्यंत.

४ ऑक्टोबर

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढं सरकवली. नाक थोडं खाली आलं. मोटर बोल्टच्या एका भोकानं वर चढवली — तर आता वळताना पंखा पाण्याबाहेर येतो, हवा खातो, मोटर किंचाळते आणि बोट जागेवर.

एका भोकानं खाली — पुन्हा नाक वर.

५ ऑक्टोबर

तेच.

११ ऑक्टोबर, शनिवार

पंख्याच्या वर एक पट्टी असते, ती जराशी पिळली की हँडलचा जोर कमी होतो म्हणतात. मी पिळली. जास्त पिळली. आता बोट डावीकडे ओढते.

आयुष्यभर तेलाच्या जहाजांना जोड दिले. आकाशाएवढे पत्रे. एक थेंब गळला नाही कधी. आणि ही आंघोळीच्या टबाएवढी बोट मला दाद देत नाही! शेजारचा म्हातारा कठड्यावर कोपर टेकून बघत होता. म्हणाला, अशा कामात एल्फेजचा हात चांगला आहे, त्याला बोलव की.

मी घरात निघून आलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते लिहितो, नाहीतर रात्रभर दात खात पडेन.

सकाळी गाडीचा आवाज आला. बघतो तर एल्फेज. अर्लीननं माझ्या मागं फोन केला होता! तिच्याकडं बघितलं तर भांडी घासत होती, तीही धुतलेली.

एल्फेज म्हातारा झालाय. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि दाढी पांढरी फटक. वादळानंतर वरच्या अंगाला कुठंतरी चाकांच्या घरात राहतो, तिथून पहाटे उठून पिंजरे टाकायला खाली येतो. ना हात मिळवला ना काही. बोटीकडं बघत विचारलं, "दक्षिणेला, कॅम्पवर जाणारच?"

"जाणार."

"बदकांचा हंगाम उघडला की?"

"त्याच दिवशी."

मला वाटलं आता परत तेच — जाऊ नकोस, काही नाही. तो तसं काही बोलला नाही. बोटीत बसला, कालव्यात दोन फेऱ्या मारल्या. हँडलवर नुसती दोन बोटं. मान वाकडी करून ऐकत होता, डॉक्टर छाती तपासतो तसा. आला, आणि हत्यारं काढली.

दिवसभर राबला. मोटर चांगली खाली बसवली, माझ्या कुठल्याच भोकात नाही — फळीला नवी भोकं पाडून. पट्टी उलट पिळली, केसभर. मग माझ्या शेडमधून ॲल्युमिनियमचा पत्रा काढला, न विचारता, आणि बोटीच्या मागं दोन्ही बाजूंना हवेचे बंद डबे जोडले, बूड वर तरंगावं म्हणून. माझ्याच वेल्डिंगच्या मशिनवर, माझ्या डोळ्यांदेखत! जोड म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखा. मी गुडघ्यावर बसू शकत नाही म्हणून गप्प बसलो. त्यावर बोटीच्या कडा वितीनं वाढवल्या, सगळीकडून.

मी विचारलं, चिखलात कडा कशाला? चिखल काय उडी मारून आत येतो?

"असू देत," म्हणाला.

दुपारी अर्लीननं खेकड्याच्या रश्श्याचा गंबो आणि भात वाढला. दोनदा घेतला त्यानं. जेवताना आईचा विषय निघाला. मी मुद्दाम म्हटलं, आई सांगत होती कॅम्पवर नवा पत्रा घातलाय. त्याचा चमचा थांबला. भाताकडं बघत म्हणाला, "आईला बरं वाटतं ऐकून." एवढंच. ना लाज ना शरम!

जाताना मात्र बोलला. "चिखलात जड जाईल. पण पुढं चांगली चालेल."

मी म्हटलं, पुढं म्हणजे कुठं?

"चिखल संपल्यावर."

टोमणा मारून गेला माझ्या दारात. अर्लीन म्हणते टोमणा नव्हता. तिला काय कळतं, ती कुठं आमच्या घरात वाढली!

१९ ऑक्टोबर, रविवार

बोट सरळ जाते. हे कबूल. नाक वर करत नाही, ओढत नाही, वळताना पंखा हवा खात नाही.

पण उथळात नेली तेव्हा कळलं त्यानं काय केलंय. पंखा इतका खोल बसवलाय की चिखलात हँडल सारखं खाली दाबून दांडा उचलून धरावा लागतो. पाव मैलात पाठ धरली. आणि ते डबे आणि कडा — चिखलात नुसतं वजन. बोट खोल पाण्यासाठी लावून ठेवली, आणि वाट आहे चिखलाची!

कॅम्पपर्यंत मी पोचू नये म्हणून. इतकं सरळ आहे. पोटात एक, ओठात एक, आणि वर माझा गंबो खाऊन.

आईकडं गेलो नाही. तिथं त्याची स्तुती ऐकवली नसती.

२ नोव्हेंबर

रात्री थंडी पडली. बदकांची पहिली मोठी रांग घरावरून गेली, दक्षिणेकडं. अर्लीनला हाक मारली. ती आली तोपर्यंत गेली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

त्याचं सगळं काढून टाकायचं ठरवलं. मोटर वर, जुन्या भोकात. डबे कापून टाकायचे. पहिला बोल्ट निघाला, दुसऱ्याला पाना लावला, ओढला आणि पाठीत काहीतरी कट्‌कन झालं. तिथंच, ओल्या गवतात, पालथा. हाक मारायला श्वास नाही. अर्लीननं खिडकीतून बघितलं म्हणून, नाहीतर बगळ्यांनी डोळे खाल्ले असते.

१३ नोव्हेंबर

अजून अंथरुणात. तो एक बोल्ट अर्लीननंच परत बसवला. म्हणाली, आता पुन्हा हात लावलास तर मीच मोटर खाडीत टाकेन. टाकेलही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या हंगाम उघडतो. चालता येतं. वाकता येत नाही. बोट आहे तशीच नेणार. अर्लीननं डबा भरून ठेवलाय आणि फोन चार्जिंगला लावलाय. तोंडावर डास बसल्यासारखं करून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

परत आलोय. 

पहाटे निघालो. चिखलाच्या वाटेला लागलो तेव्हा तांबडं फुटत होतं. तो म्हणाला होता तसंच, जड. दर दहा हातांवर हँडल दाबायचं, दांडा उचलायचा, मागं काळा चिखल कारंज्यासारखा उडतोय, आणि प्रत्येक झटक्याला मी एल्फेजला शिव्या देतोय. मोठ्यानं. तिथं ऐकायला कोण होतं!

लव्हाळ्याची शेवटची भिंत आली. तिच्यापलीकडं तळं, तळ्याचं वळण, वळणावर कॅम्प. डोळे झाकून जाईन अशी जागा.

भिंत ओलांडली आणि पुढं पाणी.

तळं नाही. पाणी. क्षितिजापर्यंत. मला वाटलं वाट चुकलो, पहाटेच्या अंधारात समुद्राच्या बाजूला आलो. फोन काढला. नकाशावर माझा निळा ठिपका हिरव्या जमिनीच्या मधोमध. नकाशा म्हणतोय मी गवतात उभा आहे! रेटायचा वासा पाण्यात घातला तर छातीपर्यंत गेला, आणि खाली काही कठीण लागलंच नाही, नुसतं मऊ लागत गेलं.

ठिपका बघत पुढं गेलो. तळ्याची जागा गेली. वळण गेलं. एक डॉल्फिन बोटीशेजारी वर आला, फुस्स केलं, परत खाली गेला. बाबांच्या तळ्यात डॉल्फिन.

मग एक खांब दिसला. मोकळ्या पाण्यात एकटा. त्यावर फळी — बाबांच्या हातची, मला अक्षर कळतं: खासगी जागा, आत येऊ नये. फळी जुनी. खांब नवा, जस्ताचा, चांगला खोल ठोकलेला. फळीवरचं अक्षर कुणीतरी परत गिरवलेलं.

बोट त्या खांबाला धरून किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. आसपास एक बदक नव्हतं. बंदूक पिशवीतून काढलीच नाही.

वारा फिरला तेव्हा भानावर आलो. उत्तरेचा. उथळ पाणी, त्यावर मोकळा वारा — लाटा लहान पण उभ्या, एकामागं एक, दम खाऊ देत नाहीत. आणि घर उत्तरेला. चौदा फुटी बोट, वाकता न येणारा माणूस. पाणी कडेला येऊन थडकत होतं आणि परत जात होतं. बोट आपटायची, मागं बूड खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. पंखा एकदाही बाहेर आला नाही. एकदाही नाही. मी हँडल धरून बसलो होतो, बाकी काही करत नव्हतो.

लव्हाळ्यात शिरलो तेव्हा उलटी झाली. मग तिथून घरापर्यंत चिखल, आणि चिखलात शिव्या देत नव्हतो.

अर्लीननं विचारलं, बदकं? मी म्हटलं, नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. नाडी सोडली.

२३ नोव्हेंबर

झोपून होतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. सणाचं निमित्त करून एल्फेजला फोन केला. तीन वेळा हातात घेऊन ठेवला, मग लावला.

हॅलोच्या ऐवजी म्हणाला, "लाटेवर पंखा हवा खातो का?"

"नाही."

"बरं झालं."

 त्याच्याकडं कुठंतरी भांडी वाजत होती. मी विचारलं, खांब तू लावलास? म्हणाला, हो, जागा कळेनाशी झाली होती, दोनदा चुकलो. मग मी विचारायचं तेच विचारलं — आईला पत्रा आणि खुर्च्या कशाला सांगतोस?

 मला वाटलं फोन ठेवला.

"वादळानंतर पहिल्यांदा जाऊन आलो आणि तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघेना. मग पत्रा निघाला. पुढच्या रविवारी खुर्च्या." थांबला. "मग थांबता येईना, लेओन्स. आता अंजीरपण आहे."

मला हसू आलं. आलं ते आलं, आणि मग भलतंच काहीतरी झालं, फोन अर्लीनकडं दिला.

तरी राग आहे. मला नीट का नाही सांगितलं? जूनमध्ये एका वाक्यात सांगून मोकळा — काही उरलं नाही! असं सांगतात? घर, तळं, बाबांची अंजिरं, आणि एक वाक्य? पण दुसरं वाक्य कुठलं असतं, ते मलाही सापडत नाही.

अर्लीन परत येऊन म्हणाली, तो विचारतोय, तू आईला सांगणार का.

मी म्हटलं, बघतो म्हणावं.

३० नोव्हेंबर, रविवार

आईकडं गेलो. तिनंच विचारलं, कॅम्पवर गेला होतास म्हणे? मी म्हटलं, गेलो होतो. छान झालंय. नवा पत्रा झकास बसलाय. हिरवा.

आईनं पत्ते खाली ठेवले. "एल्फेजचा लाल आहे," म्हणाली.

 तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "टीव्हीवर दाखवलं होतं रे, वादळ झालं तेव्हाच. त्याला काही बोलू नकोस. तो फार छान सांगतो."